जमीन डोळ्यात खुपतेय? पिक्सेल आर्टच्या ग्राउंड टाइल्स करताना या चुका टाळा

गेमच्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त जागा कोण खातं? जमीन. हिरो नाही, दुश्मन नाही, वरची बटणं पण नाहीत. ३२० बाय १८० ची स्क्रीन धरा, टाइल म्हणजे शेजारी शेजारी लावून जमीन भरायचा छोटा चौकोन, तो १६ पिक्सेलचा धरा, म्हणजे आडव्या २० आणि उभ्या ११ आणि थोड्या, एका वेळी सव्वादोनशेच्या आसपास टाइल्स समोर असतात आणि टॉप-डाउन, म्हणजे वरून बघितल्यासारख्या गेममध्ये त्यातल्या बहुतेक गवत, माती, रस्ता नाहीतर फरशी याच असतात. तरी आपल्याकडे पोरं सगळा वेळ कॅरेक्टरच्या केसांवर आणि तलवारीच्या चमकेवर घालवतात आणि जमीन शेवटच्या रात्री उरकतात, मग गेम चालू केला की काहीतरी खटकतं, डोळे दुखतात, पण नक्की कुठे चुकलंय ते सापडत नाही.

बहुतेक वेळा चूक एकाच ठिकाणी असते. जमीन स्वतःच बघण्यासारखी करायला गेलात की तिच्यावर चाललेला खेळ दिसेनासा होतो. जमिनीचं काम आहे तिच्यावर उभ्या असलेल्याला दिसू देणं, आणि रंग असो की टेक्स्चर, प्रत्येक निर्णय घेताना हेच विचारायचं की प्लेअर दिसतोय का.

टाइल एकटीच बघत बसणं

६४०० टक्के झूम करून १६ बाय १६ चा चौकोन अख्ख्या स्क्रीनभर पसरवून त्यात तासन् तास रंग भरत बसलं की प्रत्येक पिक्सेल महत्त्वाचा वाटायला लागतो, आणि इथेच झोल होतो. त्या झूमला छान दिसणारी टाइल खऱ्या साइझला दोनशे वेळा शेजारी शेजारी लावली की नुसती खरखर दिसते. एसेप्राइट हे पिक्सेल आर्टचं विकतचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर व्ह्यू मेन्यूमध्ये टाइल्ड मोड आहे तो पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा, टाइल चारी बाजूंनी रिपीट होऊन दिसते आणि एका कडेला काढलेली रेघ दुसऱ्या कडेने आत येते. पैसे नसतील तर लिब्रेस्प्राइट आणि पिक्सेलोरामा फुकट आहेत, शिकायला दोन्ही मस्त पुरतात.

पण नुसता टाइल्ड मोड पण पुरत नाही. एक वेगळी फाइल करून ठेवा, गेमच्या खऱ्या साइझची, त्यात जमीन पसरलेली, मध्ये कॅरेक्टर, एक दुश्मन, एक झाड, एक उचलायची वस्तू. जमिनीत काहीही बदललं की आधी त्या फाइलमध्ये टाकून १०० टक्के झूमला बघायचं, आणि खुर्ची मागे सरकवून हात लांब करून बघायचं. कॅरेक्टर शोधायला नजर अडखळली तर टाइल नापास, मग ती एकटी कितीही सुंदर असू दे.

जमिनीत कॉन्ट्रास्ट ओतणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

टेक्स्चर दिसायला पाहिजे म्हणून लोक मूळ रंगावर एकदम गडद आणि एकदम फिकट पिक्सेल टाकतात. गवत हिरवं, त्यात जवळजवळ काळ्या रेषा आणि जवळजवळ पिवळे ठिपके. आता कॅरेक्टरलाही काळी आउटलाइन आहे, अंगावर फिकट हायलाइट आहे, म्हणजे जमीन आणि माणूस दोघेही तेवढ्याच मोठ्याने बोलतायत. डोळ्याने ऐकायचं कोणाचं?

शिवडीच्या खाजणात हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात तेव्हा एकदा नीट बघा. भरती ओसरली की मागे राहतो तो चिखल राखाडी तपकिरी, मऊ, त्यात गडद-फिकट आहे पण सगळं एकमेकांच्या जवळचं. म्हणून इतक्या लांबून पण तो फिकट गुलाबी पक्षी उठून दिसतो. चिखलात टेक्स्चर भरपूर आहे, ते दबलेलं आहे एवढंच.

आता हेच आकड्यात. रंग डोळ्याला किती उजळ वाटतो याचं एक साधं गणित आहे, लाल गुणिले ०.२९९ अधिक हिरवा गुणिले ०.५८७ अधिक निळा गुणिले ०.११४, याला ल्युमा म्हणतात आणि उत्तर ० ते २५५ मध्ये येतं. यात हिरव्याचा वाटा अर्ध्याहून जास्त आहे हे लक्षात घ्या, म्हणूनच हिरव्या जमिनीत थोडासा बदल पण डोळ्याला मोठा वाटतो.

मी गवतासाठी सुरुवात करायला हे रंग सुचवेन, एचएसव्ही स्लायडरवर टाकून बघा, ह्यू म्हणजे रंगचक्रावरचा अंश, सॅच्युरेशन म्हणजे रंग किती भरलेला, व्हॅल्यू म्हणजे किती उजळ. मूळ रंग ह्यू ९५, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू ५५. उजेडाच्या पात्यांसाठी ह्यू ८५, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू ५८. सावलीच्या पात्यांसाठी ह्यू १०८, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू ५०. यांची ल्युमा काढली तर साधारण १२०, १३० आणि १०५ येते, म्हणजे तिन्ही मिळून जेमतेम २५ च्या पट्ट्यात बसतात आणि तरीही गवत गवतासारखं दिसतं. चौथा रंग झुडुपाच्या बुडाशी आणि उंचवट्याच्या कडेला, ह्यू १४०, सॅच्युरेशन ५०, व्हॅल्यू ३८, त्याची ल्युमा ७९ च्या आसपास, हा सपाट गवतात अजिबात वापरायचा नाही. आता कॅरेक्टरचे केस ४० वर आणि शर्ट २०० वर असेल तर तो या जमिनीवर कुठेही उभा राहू दे, लगेच सापडतो.

गणित करायचा कंटाळा असेल तर सगळ्यात वर एक लेअर घ्या, पूर्ण राखाडी भरा आणि ब्लेंड मोड सॅच्युरेशन करा. रंग निघून जातो, उजेड-अंधार राहतो. लेअर बंद-चालू करून बघायची सवय लावली की महिन्याभरात डोळा आपोआप तयार होतो. राखाडीत कॅरेक्टर आणि जमीन एकमेकात विरघळत असतील तर कितीही रंग बदला, उपयोग नाही, आधी व्हॅल्यू हलवा.

१९८९ च्या गेमबॉयवर तर चारच छटा होत्या, १६० बाय १४४ ची स्क्रीन, आणि तरी लोकांनी त्यावर गावं, जंगलं, गुहा सगळं केलं. जमीन बऱ्याचदा सगळ्यात फिकट छटेत जवळजवळ मोकळी सोडून त्यात दोन-चार खुणा करायच्या, की गवत झालं. आज लाखो रंग हाताशी आहेत म्हणून सगळे एका टाइलमध्ये कोंबायची गरज नाही.

गवत म्हणजे हिरवं, माती म्हणजे तपकिरी, दगड म्हणजे करडा

शाळेच्या रंगपेटीतून आलेली ही सवय फार चिवट आहे. कलर पिकर उघडला, हिरव्याच्या कोपऱ्यात गेलो, सगळ्यात झगझगीत हिरवा उचलला. मग सावलीसाठी तोच रंग काळ्याकडे ओढला आणि उजेडासाठी तोच पांढऱ्याकडे. निकाल म्हणजे प्लास्टिकचं गवत, ते पण मळकं.

सावली नुसती काळी नसते आणि ऊन नुसतं पांढरं नसतं. बाहेर ऊन पिवळट असतं, सावलीत आभाळाचा निळसर उजेड येतो, म्हणून उजळ छटेचा ह्यू थोडा पिवळ्याकडे आणि गडद छटेचा थोडा निळ्याकडे सरकवायचा. वरच्या चार रंगात हेच केलंय बघा, ८५ पासून १४० पर्यंत ह्यू सरकत गेलाय. याला ह्यू शिफ्टिंग म्हणतात. मातीला पण हेच लागू, उजेडात नारिंगीकडे, सावलीत जांभळट तपकिरीकडे. पण सपाट जमिनीत एकेका पायरीला १०-२० अंश पुरे, कडेच्या चौथ्या रंगालाच थोडे जास्त, जास्त ओढलंत तर जमिनीवर इंद्रधनुष्य उगवतं.

आणि जरा खिडकीबाहेर बघा ना. मुंबईतलं गवत वर्षभर एका रंगाचं कुठे असतं? जुलैत आरेला किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलात तर हिरवा अंगावर येतो, दिवाळीपर्यंत टोकं पिवळी पडतात, मे मध्ये सगळं वाळून भुरकं. शिवाजी पार्कची माती लाल, ती पण उन्हात फिकट विटकरी आणि पाऊस पडला की गडद. जुहूची वाळू चित्रातल्यासारखी सोनेरी कधीच नसते, ती करडी तपकिरी असते आणि लाटेने भिजलेला पट्टा आणखी गडद. तुमचा गेम काल्पनिक ग्रहावर घडत असला तरी जमिनीचे रंग बघायला फोन घेऊन खाली उतरा, फोटो काढा, आणि फोटोतून रंग थेट उचलू नका, फोटो शेजारी ठेवून डोळ्याने जुळवा. फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग चढवतो, त्यात हिरवा तर हमखास.

करड्या रंगाची एक वेगळी गंमत आहे. शुद्ध करडा, म्हणजे लाल-हिरवा-निळा सारखे, हिरव्या गवताच्या मधोमध रस्ता म्हणून टाका, तो किंचित गुलाबीसर वाटायला लागेल. डोळा शेजारच्या रंगाचा उलटा रंग त्यात भरतो. फ्रेंच केमिस्ट शेव्हरूल याने १८३९ मध्ये यावर मोठं पुस्तकच लिहिलं, तो गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम बघायचा आणि तक्रारी यायच्या की काळा धागा फिका दिसतो, तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यात होता. तुमच्या टाइलचंही तेच. म्हणून रस्त्याचा करडा एकटा निवडू नका, गवताच्या शेजारी ठेवून निवडा, आणि सॅच्युरेशन शून्य न ठेवता ८-१५ च्या मध्ये ठेवा. उन्हाळ्यात तपकिरीकडे झुकवा, पावसाळ्यात निळ्याकडे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पण नुसता काळा नसतो, जिथे हवा-पाणी लागलंय तिथे तपकिरी चढलेला असतो. रेल्वे रुळांमधली खडी बघा, मूळचा दगड गडद करडा, पण स्टेशनजवळ गंजाचा तांबूस थर बसलेला. हा असा एक परका रंग थोडासा मिसळला की दगड जिवंत होतो.

रंग कुठून घ्यायचे असा प्रश्न पडला तर लॉस्पेक या वेबसाइटवर तयार पॅलेट्स, म्हणजे रंगांचे संच, भरपूर आहेत, डॉनब्रिंगर १६ आणि एन्डेस्गा ३२ नवीन माणसाला चांगल्या. फक्त एवढं करा, त्यातले सगळ्यात भडक रंग जमिनीला देऊ नका, ते वस्तूंसाठी आणि दुश्मनांसाठी राखून ठेवा.

जिकडे तिकडे सुटे पिक्सेल

टेक्स्चर म्हणजे ठिपके असा समज आहे. स्प्रे टूल घेतला, मातीवर फुर्र केलं, झालं टेक्स्चर. नाही हो. एकटा पडलेला पिक्सेल, ज्याच्या आजूबाजूला त्याच्या रंगाचा कोणीच नाही, तो डोळ्याला धुळीच्या कणासारखा टोचतो आणि असे शंभर झाले की कॅमेरा हलल्यावर अख्खी जमीन चमचमायला लागते.

पिक्सेल आर्टमध्ये टेक्स्चर बनतं क्लस्टरमधून, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या एकाच रंगाच्या पिक्सेलच्या छोट्या आकारातून. गवतासाठी दोन-तीन पिक्सेलची तिरकी पाती, तीनच्या झुबक्यात. मातीसाठी आडवे, थोडे वाकडे तुकडे, कोणी दोन पिक्सेलचा कोणी पाचचा. दगडासाठी कोपरे असलेले आकार. आकारावरून वस्तू ओळखू यायला हवी, रंगावरून नाही, हवं तर राखाडी लेअर लावून मित्राला विचारा की हे गवत आहे की माती. आणि या सगळ्यात मोकळी जागा सोडा. सपाट गवताच्या टाइलचा निम्म्याहून जास्त भाग एकाच रंगाचा असला तरी बिनधास्त राहा, डोळ्याला विसावा तिथेच मिळतो.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे माप. समजा तुमचं कॅरेक्टर २४ पिक्सेल उंच आहे आणि माणूस साडेपाच फुटी, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर. आता दादरचा फुटपाथ काढायचाय. पेव्हर ब्लॉक अंदाजे २० सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्याकडे त्याच्यासाठी फक्त ३ पिक्सेल! त्या ३ पिक्सेलमध्ये एकमेकात अडकणारा वाकडा आकार, मधली फट आणि वरचा हायलाइट काढायला जाल तर बुद्धिबळाचा पट होईल. इथे शहाणपण म्हणजे ब्लॉक काढायचाच नाही. करड्या-विटकरी सपाट रंगावर काही ठिकाणी फटीची एक-दोन पिक्सेलची रेघ, काही ठिकाणी एखादा ब्लॉक अर्धी छटा गडद, बाकी डोळा स्वतः भरून घेतो, कारण मुंबईच्या माणसाला पेव्हर ब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. दोन फुटी शहाबादी फरशी असेल तर मात्र ८-९ पिक्सेल मिळतात, तिथे फट व्यवस्थित काढता येते, पण फटीचा रंग काळा नको, फरशीपेक्षा एक पायरी गडद एवढाच. काळी फट आली की पूर्ण स्क्रीनवर जाळी तयार होते आणि मग तीच दिसत राहते.

रिपीट झालेलं कळणं

टाइलमध्ये एक गोंडस पांढरा दगड काढला. एकटा छान दिसतो. मग तो स्क्रीनवर दोनशे वेळा, सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. वाट लागली.

मूळ टाइलमध्ये लक्षात राहील असं काहीच ठेवायचं नाही. फूल, दगड, वाळकं पान या सगळ्यांच्या वेगळ्या टाइल्स करायच्या आणि त्या क्वचित टाकायच्या. तीन-चार प्रकार पुरतात, एक एकदम साधी जी बहुतेक जागा व्यापेल, एक किंचित झुबकेवाली, एक मोकळी, आणि एक खास. टाइल्ड नावाचा फुकट मॅप एडिटर आहे त्यात आणि गोडॉट या गेम इंजिनच्या टाइलसेटमध्ये पण प्रत्येक टाइलला शक्यता देता येते आणि रँडम पेंट करता येतं, साध्या टाइलला जास्त वजन द्या आणि खास टाइलला अगदी कमी. पण रँडमवर सगळं सोडून पण नका देऊ, नंतर हाताने फिरून फुलं झाडाखाली न्या, दगड रस्त्याच्या कडेला न्या. निसर्गात गोष्टी घोळक्याने असतात, पाणी साचतं तिथे गवत दाट, माणसं चालतात तिथे टक्कल. एखाद्या मैदानाच्या मधून लोकांच्या पायांनी पडलेली पायवाट बघा, कोणी आखलेली कड नसून पण किती स्पष्ट आहे.

दुसरा त्रास जोडाचा. कडेवर क्लस्टर अर्धवट कापलं गेलं किंवा लोक घाबरून कडेपासून लांब लांब काढतात, मग प्रत्येक टाइलभोवती रिकामी चौकट दिसते. उपाय जुनाच, १६ ची टाइल ८ पिक्सेल आडवी आणि ८ उभी सरकवा, कडा मध्यभागी येतात, तिथे अधिकच्या चिन्हासारखी रिकामी जागा दिसेल, तिच्यावरून दोन-तीन क्लस्टर न्या.

गवत संपतं तिथे फुटपट्टी लावणं

गवत आणि माती यांच्यामध्ये सरळ रेघ असली की अख्खा मॅप एक्सेल शीट दिसतो. कड वेडीवाकडी पाहिजे, आणि गवत मातीच्या वर आलेलं पाहिजे, दोन-तीन पात्यांचे झुबके मातीवर लोंबलेले, त्यांच्या खाली मातीवर एक पिक्सेलची गडद सावली. ही एवढीशी सावली जी खोली देते ती शंभर ठिपक्यांनी येत नाही. वाळू-पाण्याला पण हेच, कोरडी वाळू, मग ओल्या वाळूचा पट्टा, मग फेसाची तुटक रेघ, मग पाणी.

ट्रान्झिशनच्या, म्हणजे गवतातून मातीत जाणाऱ्या, किती टाइल्स लागतात याने बरेच जण घाबरतात. आठही बाजूंचे शेजारी धरले तर ४७ टाइल्सचा ब्लॉब सेट होतो, खरंच जास्त काम आहे. फक्त कोपरे धरले तर १६ मध्ये भागतं. आणि ड्युअल ग्रिड म्हणून पद्धत आहे, दिसणाऱ्या टाइल्स कुठे गवत कुठे माती हे साठवणाऱ्या ग्रिडपेक्षा अर्धी टाइल सरकवून काढायच्या, त्यात कोपरे छान गोल येतात आणि १६ च पुरतात. पहिल्या गेमला १६ वालीच घ्या, वाचलेला वेळ त्या १६ टाइल्स नीट करण्यात घाला.

काही छोट्या चुका भराभर सांगतो. दगडाला चहूबाजूंनी गडद आणि मध्ये फिकट करणं याला पिलो शेडिंग म्हणतात, दगड उशी दिसतो, उजेड एका बाजूने द्या. एकच टाइल फिरवून किंवा उलटी करून प्रकार बनवले की हायलाइट पण फिरतो, अर्ध्या दगडांवर ऊन डावीकडून आणि अर्ध्यांवर उजवीकडून, गवताच्या सपाट टाइलला चालतं पण दगडाला चालत नाही. जमिनीवर डिदरिंग, म्हणजे दोन रंगांचे पिक्सेल बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून टाकणं, शक्यतो नको, कॅमेरा सरकला की लुकलुकतं. जमिनीच्या टाइलला काळी आउटलाइन नको. आणि ८ ची टाइल दुप्पट करून १६ च्या शेजारी लावू नका, लहान-मोठे पिक्सेल एकत्र आले की सगळा खेळ स्वस्त वाटतो.

टाइल बरोबर आहे पण गेममध्ये गेल्यावर बिघडते

इथे आर्टिस्टचा दोष नसतो, सेटिंगचा असतो, तरी पोरं परत जाऊन रंग बदलत बसतात.

सगळं धूसर दिसत असेल तर टेक्स्चर फिल्टर बघा. युनिटी इंजिनमध्ये फिल्टर मोड पॉइंट आणि कॉम्प्रेशन नन करा, गोडॉटमध्ये डिफॉल्ट टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट करा. कॅमेरा हलताना टाइल्सच्या मधून बारीक रेघा चमकत असतील तर शेजारच्या टाइलचा रंग गळून आत येतोय किंवा कॅमेरा अर्ध्या पिक्सेलवर थांबतोय. ॲटलासमध्ये, म्हणजे सगळ्या टाइल्सच्या एकत्र चित्रात, प्रत्येक टाइलभोवती तिच्याच कडेचा रंग एक पिक्सेल वाढवून ठेवा आणि कॅमेऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलवर आणा, युनिटीत त्यासाठी पिक्सेल परफेक्ट कॅमेरा आहे. काही पिक्सेल जाड काही बारीक दिसत असतील तर स्केल पूर्ण आकड्यात नाही, ३२० बाय १८० सहापट केलं की १९२० बाय १०८० बरोबर बसतं, ६४० बाय ३६० तिप्पट केलं की बसतं, अपूर्णांकातली पट नको.

टाइलशीट मित्राला व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, कडेला मळकट पिक्सेल येतात, पॅलेटमध्ये नसलेले रंग येतात. डॉक्युमेंट म्हणून पीएनजी पाठवा. जेपीजी तर कुठेच नको.

आणि रात्री काम करत असाल तर नाइट लाइट बंद करा. पडदा पिवळा असताना निवडलेला हिरवा सकाळी निळसर निघतो. शेवटची परीक्षा फोनवर घ्या, दुपारच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून, कारण आपल्याकडे गेम खेळला जातो तो असाच. विरार ते अंधेरी या उजेडात कॅरेक्टर शोधावं लागलं नाही तर तुमच्या व्हॅल्यू बरोबर आहेत.

पावसाळा दाखवायचा म्हणून सगळं निळं करणं

हे शेवटी घेतलं कारण इथे वरचं सगळं एकत्र येतं. ओल्या जमिनीसाठी लोक अख्ख्या स्क्रीनवर निळा थर चढवतात, नाहीतर प्रत्येक टाइलवर पांढऱ्या चमकेचे पिक्सेल टाकतात. माती भिजली की तिच्या बारीक भोकांमध्ये पाणी भरतं, उजेड बाहेर उधळायच्या ऐवजी आत अडकतो, म्हणून ती गडद होते आणि रंग जास्त भरलेला वाटतो. निळी होत नाही. कोरडी माती ह्यू २०, सॅच्युरेशन ४५, व्हॅल्यू ६० असेल तर ओली सॅच्युरेशन ५५, व्हॅल्यू ४२ करून बघा, ह्यू तोच ठेवा. एसेप्राइटमध्ये इंडेक्स्ड मोडवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल पॅलेटमधल्या रंगाशी जोडलेला ठेवून, काम केलेलं असेल तर पॅलेटमधले चार रंग बदलले की अख्खा मॅप भिजतो, एकही पिक्सेल परत काढावा लागत नाही. असंच उन्हाळ्याचं पॅलेट पण होतं, पण सांभाळून, गवताचा मूळ रंग वाळका करायला ह्यू ४५, सॅच्युरेशन ४५, व्हॅल्यू ६८ केलंत तर ल्युमा १२० वरून १५० च्या वर जाते आणि जुलैत उठून दिसणारा फिकट शर्टवाला मे मध्ये हरवायला लागतो. पॅलेट बदललं की राखाडी लेअर परत लावा.

डबकं काढताना त्यात टेक्स्चर नको, ते सपाट हवं, कारण साचलेलं पाणी आभाळ दाखवतं आणि जुलैत मुंबईचं आभाळ करडं असतं, म्हणून डबकंही करडं, जेमतेम निळसर. कडेने ओल्या मातीचा एक-दोन पिक्सेलचा गडद पट्टा, वरच्या कडेला तुटक हायलाइट, बस. नुसतं सजावटीचं डबकं असेल तर त्याची ल्युमा मातीच्या जवळ ठेवा म्हणजे खेळणारा त्याच्याकडे न बघता पळत जाईल. पण त्या डबक्याखाली खड्डा असेल आणि त्यात पडून प्लेअरचा जीव जाणार असेल तर गडद पट्टा तीन पिक्सेलचा करा, त्याला ओल्या मातीपेक्षा स्पष्ट गडद रंग द्या, कडेचा हायलाइट अख्ख्या स्क्रीनमध्ये सगळ्यात उजळ करा. बाकीची जमीन दबलेली ठेवली असेल तर तो खड्डा पळतापळता पण दिसतो.